झोपलेल्या माणसांची हरकत

पद्मजा पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा मला वाटलं, ही सोसायटीची वर्गणी मागायला आली. सांगवीत आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. चार वर्षांत जिन्यात हसण्यापलीकडे ओळख गेली नव्हती. ती आत आली, माझ्या भिंतीवरचे जुने फोटो बघितले आणि सरळ विचारलं, "सुमनताई, माझ्या विद्यार्थ्यांना मोठ्यानं वाचायला शिकवाल? शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं?"

असलं काही मला कुणी विचारून तेव्हा वीस वर्षं झाली होती. मी खुर्ची पुढे केली.

माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगून बाजूला होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत एके काळी सगळे बाप्येच. प्रत्येक मोठ्या कंपनीची नाटकमंडळी असायची, कामगारांच्या नाट्यस्पर्धा असायच्या, आणि नायिकेचं काम करायला बाई मिळायची नाही. मग माझ्यासारखीला बाहेरून बोलवायचे. तालीम शिफ्ट सुटल्यावर, नायकाच्या हाताला ग्रीसचा वास, आणि खलनायक डबा खाऊन आल्याशिवाय उभा राहायचा नाही. एका आठवड्यात मी तीन कंपन्यांच्या तीन नायकांची विधवा झालेली आहे. ते दिवस गेले, मंडळ्या गेल्या. आवाज मात्र अजून आहे.

पद्मजा एका कॉलेजात पदव्युत्तर वर्गाला शिकवायची. विषयाचं नाव, शाश्वत आंतरराष्ट्रीय विकास. नाव ऐकून मला वाटलं, हे वर्ग विमानात भरत असतील. तिच्याकडे टांझानियाची, नेपाळची, इथिओपियाची, आपल्या यवतमाळ-लातूरची मुलं यायची. गरीब मुलखात बाहेरून मदत न्यायची तर ती कशी न्यावी, म्हणजे आज पोट भरेल आणि उद्याच्यांचं पाणी, जमीन, मान शिल्लक राहील, हे दोन वर्षं शिकायची आणि शेवटी एक प्रबंध लिहायची. मी तिला विचारलं, यात तू नक्की काय शिकवतेस. ती म्हणाली, "दुसऱ्याचं भलं करण्याआधी त्याला विचारायचं. बाकी सगळं पुस्तकांत आहे."

आणि तिचा एक नियम होता. प्रबंध कॉलेजात देण्याआधी तो ज्यांच्याबद्दल लिहिला आहे त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, मोठ्यानं वाचायचा. ऐकणाऱ्यांच्या ज्या हरकती असतील त्या त्यांच्याच शब्दांत शेवटच्या पानावर घालायच्या. ते पान विद्यार्थ्याचं नाही, त्यांचं. हरकतींचं पान नसेल तर पद्मजा सही करत नसे. स्टाफरूममध्ये याला 'पद्मजाबाईंचं कीर्तन' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. टाळ कुणी वाजवणार असेल तर पाठवा, असं ती सांगायची.

हा नियम तिनं पुस्तकात वाचलेला नव्हता. तो तिला चाकणच्या अंबुबाईनं घालून दिला.

एकोणीसशे शहाण्णवची गोष्ट. पद्मजा तेव्हा तिशीतली, एका परदेशी संस्थेच्या नोकरीत. कारखान्यांसाठी जमिनी गेलेल्या गावांची पाहणी करायची होती. चाकणच्या अलीकडच्या एका वस्तीवर कांद्याची निवड करत बसलेल्या अंबुबाईला तिनं जमीन किती, गेली किती, खाणारी तोंडं किती, सगळं विचारलं. इंग्रजीत अहवाल झाला, परदेशी गेला, तिथं वाखाणला गेला. त्यात अंबुबाईचा फोटो होता आणि फोटोखाली दोन शब्द होते: भूमिहीन विधवा.

अठरा वर्षांनी अंबुबाईचा नातू रोहिदास, टेम्पो चालवणारा, मोबाइलवर गावाचं नाव टाकून काहीबाही बघत होता. त्याला आजीचा जुना फोटो सापडला. शब्द त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतले. पुढच्या रविवारी आजी, नातू आणि कागद असे तिघं पद्मजाचा पत्ता काढून सांगवीत आले.

पद्मजानं दार उघडलं. अंबुबाई पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमी माज्या मालकाला कागदावर मारलं व्हय?"

मालक टेम्पोत बसले होते. पाय दुखतात म्हणून जिना चढले नव्हते.

झालं होतं असं की पाहणीच्या आदल्या दिवशी अंबुबाईच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला होता, मणी ओवायला टाकले होते आणि कपाळावरचं कुंकू घामानं गेलं होतं. पद्मजानं मोकळा गळा बघितला आणि लिहून टाकलं. सगळं विचारलं, तेवढं एक विचारलं नाही, कारण तिला वाटलं, बाईला दुःख होईल.

"तुमी इचारलं न्हाई," अंबुबाई म्हणाली. "आन लिवल्यावर वाचून बी दावलं न्हाई. वाचलं असतं तर तितंच सांगितलं असतं, त्यो बगा, कडुनिंबाखाली बिडी वडतोय."

पद्मजा खाली उतरली, टेम्पोपाशी गेली आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पाया पडली. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, ही कुणी नात्यातली असेल. त्यांनी आशीर्वाद दिला. तेव्हापासून तो नियम आणि तेव्हापासूनच अंबुबाईच्या अंगणात जाणं-येणं. माझ्याकडे ती आली त्यानंतर तीन वर्षांनी, कारण मुलं वाचायला उभी राहिली की पुटपुटायची, आणि अंबुबाई मागून ओरडायची की बाबा, तुझं तुलाच सांगतोस का.

आठ वर्षं मी त्या मुलांना उभं केलं. भीती वाटली की वाक्य लवकर संपवू नका, श्वास संपवा. आकडा आला की आधी थांबा, मग तो टाका. समोरचा माणूस खरखरणाऱ्या पंख्याखाली बसलाय असं धरून चाला. नेपाळच्या एका मुलानं माझ्या बैठकीच्या खोलीत वाचताना शेजारचं कुत्रं उठवलं, तेव्हा मी त्याला पुढं जाऊ दिलं.

गेल्या वर्षीची विद्यार्थिनी नीमा. टांझानियाची, मोठ्या सरोवराकाठच्या गावची. उंच, संथ, हसली की आधी मान खाली घालणार. दीड वर्षात तिनं मराठी अशी उचलली होती की भाजीवाली तिला ताई म्हणायची. तिच्या गावाकडच्या जिल्हा कचेरीत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, जूनपर्यंत पदवी घेऊन ये म्हणाले होते. शिष्यवृत्तीही जूनपर्यंतच. ती शिष्यवृत्ती एका मोठ्या कारखान्याच्या सेवासंस्थेकडून यायची, आणि पद्मजाच्या विभागाचा निम्मा डोलारा त्याच संस्थेवर उभा होता.

नीमाचा विषय होता, चाकण भागात भाड्याच्या खोल्यांतून राहणारे बाहेरगावचे कामगार. अंबुबाईची शेतजमीन गेल्यावर घराभोवती उरलेल्या तुकड्यावर तिच्या मुलांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. आजूबाजूलाही तशाच रांगा. नीमा महिनाभर रोज सकाळी दहाला तिथं जायची, दुपारी दोनला परतायची. शंभर पुरुषांची नोंद केली. तिच्या तक्त्यात आलं की शंभरातले चौसष्ट कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी घरात आहेत, बहुतेक झोपलेले. त्यावरून तिनं लिहिलं, बेरोजगार. पद्मजानं तक्ता तपासला, सही केली. सेवासंस्थेनं प्रगतीचा अहवाल मागितला होता, त्यात तो तक्ता गेलाही.

मीही दोषी आहे. ते वाक्य मी तिच्याकडून दहा वेळा घोटून घेतलं. "शंभरातले चौसष्ट पुरुष," मग थांब, समोर बघ, दोन मोज, आणि मग, "बेरोजगार आहेत." असा विराम मी शिकवला की दगडालाही हुंदका यावा.

वाचन गुरुवारी ठेवलं, कारण आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. अंगणात साठेक माणसं जमली. नीमा उभी राहिली. आवाज सुरेख लागला. चौसष्टचं वाक्य आलं, ती थांबली, समोर बघितलं, दोन मोजले, आणि शेवटचा शब्द टाकला.

अंगण हसायला लागलं. आधी मागची रांग, मग सगळे. एक जण दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, भावा, तुला कामावरून काढलं, तुला कुणी सांगितलं नाही का. नीमाला कळेना, आपल्या मराठीत काय चुकलं.

हसला नाही तो ज्योतीराम. बीडकडचा, पस्तिशीचा, प्रेस मशीनवर काम करणारा. तो उठून उभा राहिला. "ताई, आम्ही काय रिकामे बसलोत व्हय? आम्ही थर्डला असतोत. रातभर उभं राहून सकाळी सातला सुटतोत. तुम्ही दहाला आल्यावर माणूस झोपलेलाच दिसणार की. एका खाटेवर आम्ही तिघं आहोत, पाळीपाळीनं झोपायलोत. माझी उठायची वेळ झाली की फर्स्टवाला सुटून येतो अन् मला हालवतो. हे लिहा."

मी पद्मजाकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता की रंगमंचावर तो कुणाला करता येणार नाही. तिचे वडील पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं तिसऱ्या पाळीला होते. थेरगावच्या दोन खोल्यांत लहानपणी दिवसा खेळायचं ते चवड्यांवर. शिट्टी नाही, चेंडू नाही, कुकर लावायचा तो चारनंतर. खिडकीला आई ओलं धोतर बांधायची. ही सगळी झोप जिच्या अंगावरून गेली होती तिनंच तक्त्यावर सही केली होती. आणि मीही तीच. रात्रीचे प्रयोग करून दुपारी बारापर्यंत झोपणारी, दूधवाल्यानं आळशी म्हटलेली. आम्ही दोघी विसरलो होतो.

त्या रात्री ती माझ्याकडे जेवली नाही, नुसती बसली. म्हणाली, आधी मोकळा गळा बघून लिहिलं, आता मिटलेले डोळे बघून.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. अनंत सर. हा माणूस वाईट नाही, हे मी लिहून ठेवते. दहा वर्षं त्यानं कॉलेजच्या कारभाऱ्यांकडे हात जोडून तो विभाग जिवंत ठेवला होता. पण त्याच्या टेबलावर सेवासंस्थेची छापून आलेली पुस्तिका होती, मुखपृष्ठावर चौसष्टचा आकडा वांग्याएवढा. त्या आकड्याच्या जोरावर संस्था वस्तीजवळ बेरोजगारांसाठी प्रशिक्षण केंद्र काढणार होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या सभागृहात समारंभ, संस्थेचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे, आणि नीमानं मंचावरून तो तक्ता वाचायचा, असं ठरलेलं.

अनंत सरांनी मार्ग काढला. समारंभात आकडा आहे तसा वाचावा. प्रबंधात नंतर तळटीप घालून दुरुस्त करावा, कोण बघतं. अंगणातली वाचनं मात्र आता बंद, विभागाच्या नावानं वस्तीत सभा घ्यायच्या नाहीत. तक्ताच बदलायचा असेल तर पाहणी नव्यानं, परवानग्या नव्यानं, आणि प्रबंध पुढच्या सत्रात. म्हणजे जून गेला. जाताना ते म्हणाले की तुमच्या मुदतवाढीचा कागदही जूनमध्येच वर जातो. पद्मजाची साठी उलटलेली होती. दर जूनमध्ये वर्षभराची मुदतवाढ मिळायची. सरांनी ते धमकी म्हणून सांगितलं नाही, काळजीनं सांगितलं, आणि तेच जास्त लागलं, असं ती म्हणाली.

संध्याकाळी नीमा आणि ती, दोघी माझ्या स्वयंपाकघरात. मी भाकरी टाकत होते. पद्मजानं तिला सगळं सांगितलं, काही मऊ न करता. नीमानं विचारलं, "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी तुझ्या जागी नाही," पद्मजा म्हणाली. "माझं घर तीन जिने वर आहे. तुझं समुद्रापलीकडे. म्हणून मी सांगणार नाही. तळटीप घालायची असेल तर घाल, मी तुला कमी समजणार नाही. पण त्या पुस्तिकेतल्या आकड्यावर माझी सही आहे, तो खोटा होता हे मी माझ्या नावानं सांगणार. तुझं नाव न घेता."

मला वाटलं, ही काय शिकवणी. मुलगी बुडतेय आणि ही काठावरून सांगते, पोहायचं की नाही ते तू ठरव. मी तसं बोलूनही दाखवलं.

उत्तर नीमानं दिलं. म्हणाली, "आमच्या सरोवरावरपण कागद घेऊन माणसं येतात. माझी आई मासे सुकवते. तिला सारखं विचारतात. तिच्याबद्दल काय लिहिलंय ते मला माहीत नाही. आईलाही नाही." भाकरीचा तुकडा मोडला. "मी आकडा वाचणार नाही. मी हरकतींचं पान वाचणार."

ते वाचायचं कुठं, हा प्रश्न उरला. अंगण बंद. हे अंबुबाईनं सोडवलं. वाचनाला बंदी आली हे रोहिदासनं सांगितल्यावर ती म्हणाली, "आंगनात नगं म्हनत्यात न्हवं? मंग आमीच तिकडं जाऊ. आमाला कॉलेजात बसायला बंदी हाय का?"

नव्हती. निमंत्रणपत्रिकेवर छापलंच होतं, सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.

समारंभ होता मंगळवारी, सकाळी अकराला. ज्योतीराम आधी नको म्हणाला. दिवसाची झोप मोडली की रात्री प्रेसवर हात जपावे लागतात, आणि तिथं एकच डुलकी पुरते. त्याच्या खोलीतल्या एकाचं बोट तसंच गेलं होतं. पद्मजा म्हणाली, मग येऊ नका, मी वाचते तुमच्या वतीनं. त्यावर तो चिडला. म्हणाला, आमच्या वतीनं लिहूनच तर हे झालंय. गेटवर रजेचा अर्ज टाकून बाकीच्यांनाही त्यानंच तयार केलं. अर्ज त्या दिवशीच्या रात्रीचा. एका रात्रीची मजुरी गेली.

सकाळी सातला सुटलेली चौदा माणसं युनिफॉर्मसकट रोहिदासच्या टेम्पोत बसली. पुढे अंबुबाई आणि मालक. मी सभागृहाच्या दारात उभी होते. चौदाजण शेवटच्या दोन रांगांत बसले. गार हवा, मऊ खुर्च्या, दिवे मंद. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि तिसऱ्या हारापर्यंत त्यांतले सहा गाढ झोपलेले. एकाचं घोरणं सुरात होतं.

पुढच्या रांगेतून माना वळायला लागल्या. एक स्वयंसेवक मुलगी त्यांना उठवायला आली. मी मध्ये उभी राहिले. हळूच सांगितलं की हे आजचे खरे पाहुणे आहेत, यांना हात लावायचा नाही. माझी साडी, माझं वय आणि माझा आवाज बघून ती परत गेली. अनंत सर मंचावरून आमच्याकडे बघत होते. त्यांना बहुधा तेव्हाच कळलं.

नीमाला बोलावलं. ती उभी राहिली, समोरचा कागद बाजूला सारला आणि म्हणाली, "शंभरातले चौसष्ट पुरुष." थांबली. समोर बघितलं. मी मनात दोन मोजले.

"बेरोजगार आहेत, असं मी लिहिलं," ती म्हणाली. "त्यांतले चौदा मागच्या दोन रांगांत आहेत. काही झोपले आहेत, कारण ते सकाळी सातला कामावरून सुटले. मी त्यांना झोपलेलं बघितलं आणि विचारलं नाही. हा आकडा चुकीचा आहे. आता मी त्यांची हरकत वाचते. टाळ्या वाजवू नका, ते उठतील."

आणि तिनं ज्योतीरामचं बोलणं वाचलं, जसंच्या तसं, 'असतोत' आणि 'झोपायलोत'सकट. मी आयुष्यात बरेच हाउसफुल बघितले. अशी शांतता एकदाच ऐकली. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक अक्षर येत होतं, आणि शेवटच्या रांगेतली निम्मी माणसं झोपेत होती.

मग पद्मजा जागेवरूनच उठली. माइक मागितला नाही. "या तक्त्यावर सही माझी आहे. माझे वडील तीस वर्षं तिसऱ्या पाळीला होते. मुलीची चूक कमी, माझी जास्त. पुस्तिका वाटू नये, अशी माझी विनंती आहे."

सेवासंस्थेचे अध्यक्ष सभ्य होते. त्यांनी विचारलं, या लोकांना मग नक्की हवं काय. प्रश्न मंचाला होता. उत्तर मागून आलं.

"झोप," ज्योतीराम म्हणाला. "दिवसा लाइट घालवू नका, साहेब. पंखा बंद पडला की पत्र्याखाली माणूस भाजतो. केंद्र कशाला, हाताला काम येतंय आमच्या."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि लिहून आणलेलं भाषण वाचलं. बेरोजगारीवरचं. दुसरं त्यांच्याकडे नव्हतं. पुस्तिका बाहेरच्या टेबलावर तशाच होत्या. अंबुबाईनं पाच उचलल्या, बंबाला बऱ्या म्हणून.

याचं पुढे काय झालं, हे लोक मला विचारतात आणि त्यांना गोड उत्तर हवं असतं. जूनमध्ये नीमाची शिष्यवृत्ती थांबली. जिल्हा कचेरीतली जागा दुसऱ्याला गेली. प्रबंध पुढच्या सत्रात ढकलला. अंबुबाईनं तिला कोपऱ्यातली खोली दिली, भाडं घेतलं नाही, आणि त्याबद्दल कुणी बोललेलं तिला चालत नसे. नीमानं पाहणी नव्यानं केली, या वेळी शिफ्ट बदलायच्या वेळा धरून आणि आधी विचारून. शंभरातले त्र्याण्णव नोकरीत असल्याचं निघालं, बहुतेक ठेकेदाराकडे, सात महिन्यांनी काढून पुन्हा घेतले जाणारे. मग तिनं मोजली त्यांची झोप. भर उन्हाळ्यात दिवसाला सरासरी सव्वाचार तास. ती स्वतः त्या पत्र्याखाली दुपारची झोपून बघायची, आणि जेवायला माझ्याकडे आली की ताटावर पेंगायची. नोव्हेंबरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकानं म्हणे हरकतींचं पान दोनदा वाचलं. पदवी मिळाली. आता ती तिच्या सरोवरावर मासे सुकवणाऱ्या बायकांच्या एका लहानशा संघटनेत काम करते. पगार कचेरीतल्या निम्मा.

पद्मजाच्या मुदतवाढीचा कागद आला नाही. ते सांगायला अनंत सर स्वतः तीन जिने चढून आले. चहा समोर ठेवला होता, तो तसाच निवला. पद्मजा त्यांना एवढंच म्हणाली की सर, वर्ग तुमचा होता, तो तुम्ही घेतलात. नियम माझा नव्हता, तो मला देता येणार नाही, अंबुबाईला विचारावं लागेल.

आता दर गुरुवारी ती अंबुबाईच्या अंगणात बसते. विद्यार्थी येतात. त्यांना कुणी पाठवत नाही आणि कुणी अडवतही नाही. यंदा इथिओपियाची दोघं आहेत, एक मुलगी गडचिरोलीची. खोल्यांच्या पत्र्यांवर माणसांनी मिळून चुना मारलाय, खिडक्यांना ओली गोणपाटं आहेत. वस्तीच्या तोंडाशी रोहिदासनं पाटी लावलीय की माणसं झोपलीत, हॉर्न वाजवू नये. केंद्राची इमारतही उभी राहिली. तिथं अजून शिकायला कुणी गेलेलं नाही. पण जिना सावलीचा आहे, दुपारी तिथं कामावरून सुटलेले फर्स्टवाले खाटेवरची आपली पाळी यायची वाट बघत बसतात.

हा लेख मी गेल्या गुरुवारी त्या अंगणात उभी राहून वाचला, कारण नियम मलाही लागू. आलेल्या हरकती खाली देते.

ज्योतीराम: मी सभेत झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकायलो होतो.

अंबुबाई: माजा मालक जित्ता हाय. आत्ता हितंच बसलाय. ते निसतं गोष्टीत नगं, येगळं लिवा.

अनंत सर, फोनवरून: चहा मी निम्मा प्यायलो होतो.

पद्मजा: तू मला फार धीट केलंयस. उठले तेव्हा मी पुढची खुर्ची घट्ट धरली होती. दुसरं, नीमाचं सत्र गेलं, नोकरी गेली, हे तू पाच ओळींत उरकलंस. त्या मुलीला ते पाच ओळींचं नव्हतं. मी पुन्हा हेच करीन, तरी तिचं ते वर्ष मला परत देता येणार नाही. हे जसंच्या तसं घाल.

घातलं आहे.